वॉर्डातल्या रिकाम्या हातांना काम देणाऱ्या कमलाबाई

पहाटेची विरार लोकल. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात डबा, शेजारी पेशंट. प्रभादेवीला उतरून परळला केईएमची वाट धरायची. वसई-विरारच्या बऱ्याच घरांना हा रस्ता पाठ आहे. आजोबांचा पॅरालिसिस, काकाचा अपघात, वालीवच्या गाळ्यात मशीनमध्ये सापडलेली दादाची बोटं, कारण काहीही असो. केसपेपर निघतो, लाइन संपते, खाट मिळते आणि घरच्यांना हायसं वाटतं. आता डॉक्टर बघून घेतील.

डॉक्टर बघतातच. पण चोवीस तासांपैकी किती वेळ? राउंड, इंजेक्शन, ड्रेसिंग, एखादी तपासणी, सगळं मिळून दोन-तीन तास धरा. उरलेल्या वेळात पेशंट काय करतो, हे तुम्ही कधी नीट पाहिलंय? तो पंख्याकडे बघतो. समोरच्या खाटेवरच्या माणसाकडे बघतो. पुन्हा पंख्याकडे. सोबतीला आलेला भाचा स्टुलावर बसून रील्स बघतो, पण पेशंटला दिवस खायला उठतो. आपण त्याला कंटाळा म्हणतो आणि सोडून देतो. बरं व्हायला आलाय, टाइमपास करायला थोडाच आलाय, असं म्हणायलाही कमी करत नाही.

ज्या बाईंची आज तुम्हाला ओळख करून द्यायची आहे, त्यांनी हे सोडून दिलं नाही. वॉर्डातला हा रिकामा वेळ उपचारासाठी वापरता येतो आणि ते काम शिकलेल्या माणसानंच करायला हवं, यावर त्यांनी आयुष्य लावलं. १९५० साली याच केईएममध्ये भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा सुरू झाली, ती त्यांच्यामुळे. नाव कमला विष्णू निंबकर. ऑक्युपेशनल थेरपी शिकणाऱ्या मुलामुलींना हे नाव पहिल्याच वर्षी भेटतं. फलटणला तर त्यांच्या नावाची शाळाच आहे. बाकीच्या आपल्यासारख्यांना निंबकर म्हटलं की शेती आणि मेंढ्या आठवतात. त्याचाही संबंध आहे, पण तो पुढे येईलच.

आता पहिला धक्का. कमलाबाई जन्मानं मराठी नव्हत्या, भारतीयही नव्हत्या. १९०० साली अमेरिकेत जन्मलेल्या या मुलीचं नाव होतं एलिझाबेथ लंडी.

क्वेकरांच्या घरातली मुलगी

एलिझाबेथचं घर क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक छोटा, शांत पंथ. त्यांच्या जुन्या रीतीच्या प्रार्थनासभेत पाद्री नसतो. सगळे गप्प बसतात, आणि कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठून सांगतो. युद्धाला त्यांचा विरोध. राहणी साधी. आणि प्रत्येक माणसात, म्हणजे तुरुंगातल्या आणि वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसातसुद्धा, देवाचा काहीतरी अंश आहे, ही श्रद्धा.

ही श्रद्धा हॉस्पिटलपर्यंत कशी पोचली ते ऐकण्यासारखं आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मनोरुग्णांना साखळदंडानं बांधून ठेवत. विल्यम ट्यूक नावाच्या एका क्वेकर व्यापाऱ्यानं १७९६ साली यॉर्क शहरात एक वेगळं घर उघडलं, 'द रिट्रीट'. तिथे रुग्णांना बागकाम, शिवणकाम, फिरणं, वाचन असं काही ना काही दिलं जायचं. आवारात ससे, कोंबड्या पाळलेल्या होत्या, रुग्णांनी त्यांची काळजी घ्यावी म्हणून. आजच्या भाषेत पेट थेरपी म्हणा हवं तर! हीच कल्पना अटलांटिक ओलांडून गेली आणि १८१७ मध्ये फिलाडेल्फियाजवळ क्वेकरांनी तसंच एक रुग्णालय काढलं. फिलाडेल्फिया हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे कुणी म्हणेल की हे सगळं फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं आधीच केलं होतं. काही अंशी बरोबर आहे. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) स्कुटारीच्या इस्पितळात तिनं नुसती जखमांची देखभाल केली नाही. बरे होत आलेले सैनिक दारूच्या गुत्त्यात जातात, हे पाहून तिनं त्यांच्यासाठी वाचनखोल्या काढल्या, कॉफीघर उघडायला लावलं, पैसे घरी पाठवायची सोय केली. सैनिकांना असं डोक्यावर बसवलं तर ते बिघडतील, असं काही अधिकाऱ्यांना वाटत होतं. सैनिक बिघडले नाहीत. पुढे १८५९ च्या तिच्या नर्सिंगवरच्या पुस्तकात तर तिनं एक पूर्ण प्रकरण याच विषयाला दिलं, की रोज तीच भिंत आणि तेच छत बघत पडलेल्या माणसाला बदल, रंग, फुलं आणि हाताला थोडं काम यांची किती गरज असते.

पण नाइटिंगेलकडे एका नर्सची नजर होती. या नजरेचा स्वतंत्र पेशा व्हायला आणखी साठेक वर्षं जावी लागली. मार्च १९१७ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी मोजकी माणसं एकत्र आली आणि त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची पहिली संघटना स्थापन केली. त्यातला जॉर्ज बार्टन हा आर्किटेक्ट स्वतः क्षयाचा रुग्ण होता. पायाचा काही भाग कापावा लागलेला, एक बाजू लुळी पडलेली. सुतारकाम आणि बागकाम करत करत तो उभा राहिला, आणि जे आपल्याला जमलं ते इतरांना का जमू नये, या प्रश्नानं त्याला झपाटलं. पहिल्या महायुद्धातून हात-पाय गमावून परतणाऱ्या सैनिकांनी या प्रश्नाला घाई आणली. १९१८ मध्ये फिलाडेल्फियात ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी शाळा निघाली. आलं ना ते नाव?

मुंबईची सून

एलिझाबेथनं मात्र त्या वयात ही वाट धरली नव्हती. तिच्या आयुष्यात आधी आले विष्णू निंबकर. दोघांचं लग्न झालं आणि १९३० साली ती भारतात आली. ते वर्ष आठवा. मिठाचा सत्याग्रह चालू होता, विलेपार्ल्याची छावणी गजबजलेली होती, आपल्या किनाऱ्यावरची मिठागरंसुद्धा राजकारण झाली होती. अशा मुंबईत एक तिशीतली अमेरिकन बाई सून म्हणून उतरते आणि स्वतःचं नाव कमला ठेवते.

फॉरेनची सून म्हटलं की आज आपण आधी तिचे नऊवारीतले फोटो शोधतो. कमलाबाईंचं वेगळेपण फोटोत नाही. त्या इथे राहिल्या, मूल वाढवलं, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, इथल्याच झाल्या.

त्यांच्या चरित्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग १९४० च्या दशकातला आहे. चाळिशी ओलांडलेली होती. संसार होता. तेव्हा त्या अमेरिकेत परत जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. कुठे? फिलाडेल्फियाच्या त्याच शाळेत. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेतला तर लोक काय म्हणतील या धास्तीनं झोप उडणाऱ्या आपल्या पिढीनं हे दोनदा वाचावं. चाळिशीनंतर शरीरशास्त्राची पुस्तकं पाठ करायची, आणि जोडीला विणकाम, सुतारकाम, मातीकामही शिकायचं, कारण या पेशाची ही दोन्ही अंगं होती.

शिकून त्या परत आल्या. इथे तर या पेशाचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

मणी ओवणं म्हणजे उपचार?

पुढे जाण्याआधी हे समजून घेऊ, नाहीतर कमलाबाईंनी नेमकं काय आणलं ते कळणार नाही. पेशंटला मणी ओवायला दिले, टोपली विणायला दिली, यात डिग्री कशाला लागते? हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही ऑक्युपेशनल थेरपिस्टना रोज ऐकावा लागतो.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, नंदाखालच्या फुलवाडीत राबणाऱ्या एखाद्या आजींना पॅरालिसिसचा झटका आलाय. उजवा हात उचलतो, पण बोटांत जोर नाही. त्यांना रबरी बॉल दाबायला सांगितला तर दोन दिवस दाबतील, तिसऱ्या दिवशी उशीखाली टाकतील. त्यांच्या पुढ्यात मोगऱ्याच्या कळ्या आणि दोरा ठेवला तर? गजऱ्यासाठी अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट करावी लागते, दुसऱ्या हातानं दोरा ताणून धरावा लागतो, नजर आणि हात एकत्र चालावे लागतात. जी हालचाल डॉक्टरांना हवी आहे, नेमकी तीच. आणि आजी ती शंभर वेळा करतील, कारण चाळीस वर्षं त्यांनी तेच केलंय. पहिले दोन दिवस गाठ सुटेल. म्हणून थेरपिस्ट आधी जाड दोरा आणि मोठी फुलं देईल, झेंडू वगैरे, मग हळूहळू कळ्यांवर येईल. टेबल किती उंच हवं, कोपर टेकवायचं की नाही, किती मिनिटांनी थांबायचं, हे सगळं ठरलेलं असतं. बघणाऱ्याला दिसतो गजरा. थेरपिस्टला दिसतात स्नायू, सांधे, थकवा आणि आजींचा चेहरा.

अर्नाळ्याच्या कोळी बांधवाला गजरा देऊन काय उपयोग! त्याच्या हाती जाळ्याची सुई द्यावी लागेल. खांदा आखडलेल्या सुताराला रंधा. पायाच्या घोट्यात ताकद नसलेल्या शिंप्याला पायानं चालवायचं मशीन. क्षयाच्या रुग्णाचं गणित आणखी वेगळं. त्या काळी क्षयरोगी महिनोन् महिने खाटेवर पडून असत. त्यांना एकदम काम देणं धोक्याचं आणि काहीच न देणं जीवघेणं. म्हणून आधी पडल्या पडल्या दहा मिनिटांचं हातकाम, मग बसून अर्धा तास, असं औषधाच्या डोससारखं काम मोजून द्यावं लागे. विणकामाचा डोस! ऐकायला गंमत वाटते, पण ते तसंच लिहून दिलं जायचं.

आणि शेवटी ज्याच्यासाठी हे सगळं करायचं ती गोष्ट: तांब्यानं अंघोळ, भाताचा घास, सदऱ्याची बटणं, साडीच्या निऱ्या, पोळी लाटणं. अमेरिकेतल्या पुस्तकात काटा-चमचा धरायला शिकवतात. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून हातानं जेवतात आणि संडासला उकिडवं बसतात. म्हणजे पुस्तक तसंच्या तसं उचलून चालणारच नव्हतं. परदेशात शिकलेली माणसं नोकरीवर आणून हे काम झालं नसतं. इथलीच मुलंमुली तयार करायला हवी होती.

म्हणून शाळा.

केईएम, १९५०

केईएम १९२६ साली सुरू झालेलं, पालिकेचं हॉस्पिटल. गिरणगावाच्या मधोमध. गिरणीत हात सापडलेला कामगार, क्षयानं खंगलेला हमाल, पोलिओनं पाय गेलेलं पोर, सगळे तिथेच येणार. अशा ठिकाणी १९५० मध्ये कमलाबाईंनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा उभी केली आणि चालवली. तुलनेसाठी सांगते, जपानमध्ये अशी पहिली शाळा १९६३ साली निघाली. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षं झालेली, रेशनच्या रांगा, फाळणीचे निर्वासित, दवाखान्यात औषधांचीच मारामार. त्या काळात पेशंटच्या हाताला काम द्यायला माणसं शिकवा, हे पटवणं किती अवघड गेलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

काळ मात्र एका बाबतीत अनुकूल होता. कारण दुःखद होतं, पोलिओ. तुमच्या-माझ्या पिढीला पोलिओ म्हणजे रविवारी पाजलेले दोन थेंब आणि करंगळीवरची शाई. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण स्वातंत्र्याच्या आसपासच्या मुंबईत लस नव्हतीच. फातिमा इस्माईल यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला आणि त्या आईनं धडपडून १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र सुरू केलं. त्यातूनच पुढे हाजी अलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं. हाजी अलीलाच १९५५ मध्ये केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. म्हणजे पन्नासच्या दशकात दादर-परळ ते हाजी अली या एवढ्याशा पट्ट्यात भारतातल्या पुनर्वसन उपचारांची पायाभरणी होत होती. कमलाबाई त्याच्या मधोमध होत्या.

पोलिओ झालेल्या मुलांचे वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. मूल आठ-दहा वर्षांचं. ताप उतरलाय, पाय उठत नाहीत. आई-वडील गावी. महिने जायचे. अशा मुलाला खेळ हवा, हे कळायला डिग्री लागत नाही. पण कोणता खेळ दिला तर उरलेले स्नायू जागे होतील आणि कोणता दिला तर पाठीचा कणा वाकडा होईल, हे कळायला लागते. कॅरमच्या स्ट्रायकरला मारलेली टिचकी, पतंगाच्या दोऱ्याची ढील, मातीचा बैल, यातलं प्रत्येक काम वेगळ्या स्नायूचं आहे. मुलाला ते सांगायची गरज नसते. त्यानं खेळावं एवढंच.

शाळा काढून कमलाबाई थांबल्या नाहीत. १९५२ मध्ये ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली, त्यामागे त्याच होत्या. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला या पेशाची जागतिक संघटना जन्मली. तिचे संस्थापक देश दहा: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, स्वीडन वगैरे. त्या दहांत भारत होता! शाळा दोन वर्षांची, देश पाच वर्षांचा, आणि जागतिक संघटनेच्या संस्थापकांत नाव. पुढे नागपूरला या विषयाची शाळा निघाली, तीही त्यांच्याच पुढाकारानं.

बरा झाला, पण पुढे काय?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की ही एका हॉस्पिटलची गोष्ट आहे. पण वॉर्डात हाताला काम मिळालेला माणूस घरी जातो तेव्हा काय होतं? गिरणी त्याला परत घेत नाही. शेजारी बिचारा म्हणतात. घरचे बसून खा म्हणतात, प्रेमानंच. आणि वॉर्डातला तो पंखा घरात येऊन फिरायला लागतो.

कमलाबाईंचं पुढचं सगळं काम या प्रश्नावर आहे. त्यांनी आशियातल्या पुनर्वसनाच्या कामाबद्दल इंग्रजी नियतकालिक चालवलं. इंटरनेट नसलेल्या काळात कुठल्या देशात काय चाललंय, कुणी कुठलं साधन स्वस्तात बनवलं, ही माहिती अशाच अंकांतून फिरायची. आणि १९६८ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यांनी मुंबईत 'नॅशनल सोसायटी फॉर इक्वल ऑपॉर्च्युनिटीज फॉर द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. चेंबूरची 'नॅसिओ' ती हीच. अपंग व्यक्तींना हातात कौशल्य द्यायचं आणि कामाला लावायचं, हे तिचं सूत्र.

नाव जरा निरखून बघा. शेवटचा शब्द आता जुना झाला, आज आपण दिव्यांग म्हणतो. पण आधीचे दोन शब्द आहेत इक्वल ऑपॉर्च्युनिटीज, म्हणजे समान संधी. मदत नाही, दया नाही, आश्रम तर नाहीच. आपल्या संसदेनं अपंग व्यक्तींच्या समान संधींचा कायदा केला तो १९९५ मध्ये. म्हणजे संस्थेच्या पाटीवर हे शब्द लागल्यानंतर २७ वर्षांनी.

१९७९ साली कमलाबाई गेल्या. भारतातल्या पुनर्वसनाचा आणि ऑक्युपेशनल थेरपीचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता. 'अ न्यू लाइफ फॉर द हँडिकॅप्ड' हे ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९८० मध्ये छापून आलं. आता मेंढ्यांचं राहिलं. त्यांचा मुलगा बनबिहारी निंबकर, म्हणजे फलटणला शेती संशोधन संस्था काढून मेंढ्यांच्या जातीसुधारणेचं मोठं काम करणारे बॉन निंबकर. सून जाई निंबकर, इरावती कर्वे यांची मुलगी, लेखिका. आणि फलटणचं 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा उभी केली मॅक्सिन बर्नसन यांनी. त्याही अमेरिकेतून आल्या, मराठीवर संशोधन करता करता फलटणच्याच झाल्या. एका अमेरिकन मराठी बाईच्या नावाची शाळा दुसऱ्या अमेरिकन मराठी बाईनं चालवावी, हा योगायोग कुणा सिनेमावाल्याला सुचला नसता.

आणि आपल्याकडे?

केईएममधली शाळा आजही आहे. सायन आणि नायरलाही हा विषय शिकवतात, नागपूरला शिकवतात. बारावीला बायोलॉजी असेल तर 'नीट'मधून बीओटीएचला प्रवेश मिळतो. एमबीबीएस नाही तर डेंटल, डेंटल नाही तर बघू, या उतरंडीत हा कोर्स फार खाली लिहिला जातो. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या पेशाला राष्ट्रीय आयोगाच्या छत्राखाली आणलं, तरी आपल्या नातेवाइकांना तो अजून फिजिओचाच एक प्रकार वाटतो. ढोबळ फरक सांगायचा तर फिजिओथेरपिस्ट मुख्यतः हालचालीवर काम करतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या हालचालीतून बटण लागतं का, घास तोंडापर्यंत जातो का, नोकरीवर परतता येतं का, हे बघतो. दोघं एकाच पेशंटवर काम करतात आणि दोघांचीही गरज असते.

आपल्या पट्ट्यात ती जास्तच आहे. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत हातानं काम करणारी हजारो माणसं आहेत. बोटं जोडली गेली, टाके निघाले, डिस्चार्ज मिळाला, आणि मग? स्क्रू पकडता येत नसेल तर पगार नाही. तिथपासून पुढे कमलाबाईंच्या विद्येचं काम सुरू होतं. त्यामुळे पुढच्या वेळी कुणा घरच्याचा डिस्चार्ज होताना औषधांच्या यादीसोबत एवढं जरूर विचारा, की ऑक्युपेशनल थेरपीला पाठवता का. विचारलं नाही तर पुष्कळदा राहूनच जातं.

वॉर्डात अजून दिवस काढायचे असतील, तर सोबतीला बसणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनाही थोडं करता येतं. थेरपी नव्हे बरं का, ती शिकलेल्यांचीच. पण मोबाइल खिशात टाकून पेपर मोठ्यानं वाचून दाखवता येतो. आजोबांना शब्दकोड्यातले आडवे-उभे शब्द विचारता येतात. शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी गाण्याच्या भेंड्या खेळता येतात, अर्थात दुपारी झोपलेल्यांना न उठवता. एकच करा, आधी पेशंटलाच विचारा की काय आवडेल. दिवसभर त्याच्यासाठी सगळं दुसरेच ठरवत असतात, कधी उठायचं, काय खायचं, कोणत्या कुशीवर झोपायचं. निदान पत्ते की भेंड्या, हे तरी त्याला ठरवू द्या.

मग वॉर्डच्या सिस्टरांना विचारा. काही पेशंटना बसायची परवानगी नसते, काहींना इन्फेक्शनची भीती असते, तिथे एकच पत्त्यांचा कॅट सगळ्या खाटांवर फिरवून चालत नाही. फुलंसुद्धा सगळ्याच वॉर्डांत चालत नाहीत. चालत असतील आणि आजींना गजरा करायचाच असेल, तर वसईच्या बाजारातून येताना झेंडू आणि जाड दोरा घेऊन या. सुई मात्र नको. ती खाटेवर हरवली तर सिस्टर तुम्हाला पुन्हा वॉर्डात घेणार नाहीत.